अपील फेटाळलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण तारीख हातची जाऊ देऊ नका

आयकराचा कागद घरी आला की आपल्याकडे तो आधी फ्रिजवर जातो, मग कपाटात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी सीएकडे जाणार असेल तर त्याच्या पिशवीत. नोटीस असेल तर एखाद वेळी निभावून जातं. पण ‘आपले अपील फेटाळण्यात येत आहे’ असं लिहिलेला कागद महिनाभर पडून राहिला, तर तो महिना परत मिळत नाही. घरात मात्र तेवढ्यात दोन मतं तयार होतात. एक म्हणतो, “संपलं आता, भरा पैसे.” दुसरा म्हणतो, “कोर्टात जाऊ, बघून घेऊ.” दोघांपैकी कोणीही कागदावरची तारीख बघितलेली नसते.

हा विषय आम्ही आज मुद्दाम घेतोय. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या पट्ट्यात आपल्या समाजातले किती तरी लोक जनावरांच्या, मांसाच्या, कातड्याच्या, भंगाराच्या, फळांच्या व्यापारात आहेत. माडग्याळी मेंढीचा सौदा आजही बऱ्याच अंशी रोखीतच होतो. अशा व्यापाऱ्याच्या खात्यात रोख रक्कम दिसली की प्रश्न विचारले जातात. ते विचारण्याचा हक्क सरकारला आहे. पण उत्तर देण्याचा हक्क आपल्यालाही आहे, आणि तो वापरायला कायद्याने मुदत घालून दिली आहे.

एवढी अपिलं फेटाळली का जातात?

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. त्या वेळी ज्यांनी बँकेत रोख भरली, त्यातल्या अनेकांचं आकलन डिसेंबर २०१९ पर्यंत पूर्ण झालं. रोख कुठून आली याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर विभाग कलम ११५बीबीई लावतो. कर, अधिभार आणि उपकर धरून हा दर ७७.२५ टक्के होतो. म्हणजे दहा लाखांवर ७ लाख ७२ हजार ५०० रुपये, वर व्याज आणि दंड वेगळाच. अशा मागणीविरुद्ध लोकांनी अपील केलं, ते बरोबरच केलं.

पण सप्टेंबर २०२० पासून पहिल्या टप्प्यातली बहुतेक आयकर अपिलं ‘फेसलेस’ झाली. समोर अधिकारी नाही, सांगलीचं ऑफिस नाही. नोटीस पोर्टलवर येते आणि नोंदवलेल्या ई-मेलवर येते. आता तो ई-मेल कोणाचा असतो? बहुतेक वेळा रिटर्न भरणाऱ्याचा. त्याने काम सोडलं, ऑफिस बदललं किंवा नुसतं मेल बघायचं राहिलं, तर व्यापाऱ्याला काहीच कळत नाही. नोटिसा येऊन जातात, उत्तर जात नाही, आणि एक दिवस अपील एकतर्फी निकालात निघतं.

इथे खरं नुकसान काय होतं ते समजून घ्या. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च धंद्याच्या हिशोबात धरत नाहीत, हा कलम ४०अ(३) चा नियम आहे. पण आयकर नियम ६डीडी मध्ये याला सवलती आहेत. जनावरं, मांस, कातडी हा माल थेट पाळणाऱ्याकडून, उत्पादकाकडून घेतला असेल तर रोखीचा हा नियम लागत नाही. मधल्या व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर मात्र लागतो. म्हणजे माडग्याळच्या मेंढपाळाकडून थेट मेंढ्या घेणाऱ्या कुरेशी किंवा खाटीक भावाजवळ कायद्याचा चांगला मुद्दा आहे. पण तो मांडायला सुनावणीला कोणी हजरच नसेल, तर मुद्दा असून उपयोग काय?

पहिला प्रश्न: अपील कोणी फेटाळलं?

हातात कागद आला की वरचं नाव वाचा. पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

आदेश आयकर आयुक्त (अपील) यांचा असेल, तर तुमचा पहिला टप्पा संपला. पुढची पायरी म्हणजे आयकर अपिलीय न्यायाधिकरण. लोक त्याला नुसतं ‘ट्रिब्युनल’ म्हणतात. १९४१ पासून चालत आलेली ही संस्था आयकर विभागाच्या हाताखाली नाही, तिचा कारभार कायदा मंत्रालयाकडे आहे. सांगली जिल्ह्यासाठी तिचं पुणे खंडपीठ आहे.

इथे अपील करायची मुदत पूर्वी आदेश मिळाल्यापासून ६० दिवस होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मोजायची पद्धत बदलली. आता आदेश ज्या महिन्यात मिळाला, तो महिना संपल्यापासून दोन महिने. आदेश १० जुलैला मिळाला असेल तर शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

आयुक्तांनी ‘कोणी आलं नाही’ एवढ्याच कारणावर अपील फेटाळलं असेल, तर तो मुद्दा ट्रिब्युनलपुढे जरूर घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आयुक्त (अपील) यांना गैरहजेरीसाठी अपील फेटाळून लावता येत नाही. समोरचा आला नाही तरी गुणदोष बघून, कारणं देऊन निकाल द्यावा लागतो. आणि तुमचं पहिलं अपीलच उशिरा केलं म्हणून फेटाळलं असेल, तरी त्या फेटाळण्याविरुद्ध पुण्याला जाता येतं.

ज्यांनी पहिलं अपीलच केलं नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आदेश मिळाल्यापासून एक वर्ष मुदत, फी ५०० रुपये. पण याच आदेशाविरुद्ध अपील केलं असेल तर ही वाट बंद असते.

ट्रिब्युनलनेच गैरहजेरीत फेटाळलं तर?

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रकरण पुण्याला होतं, तारखेला कोणी गेलं नाही आणि ट्रिब्युनलने अपील फेटाळलं. जतहून पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, वकिलाची फी वेगळी. कधी आजारपण, कधी घरात मयत, कधी तारखेचा निरोपच नाही.

अशा वेळी ट्रिब्युनलच्या १९६३ च्या नियमांतला नियम २४ कामाला येतो. तुम्ही गैरहजर असताना निकाल झाला, नंतर तुम्ही येऊन गैरहजेरीचं पुरेसं कारण पटवून दिलं, तर ट्रिब्युनलने तो आदेश रद्द करून अपील पुन्हा सुनावणीला घ्यायचं, असं हा नियम सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने तर १९६९ मध्येच म्हटलं आहे की ट्रिब्युनलला नुसत्या गैरहजेरीसाठी अपील काढून टाकता येत नाही, निकाल गुणदोषावरच द्यायचा असतो.

या नियमात स्वतःची अशी मुदत लिहिलेली नाही. पण हा अर्ज बहुतेक वेळा कलम २५४(२) च्या दुरुस्ती अर्जासोबत केला जातो, आणि त्या कलमाला मुदत आहे. पूर्वी ती चार वर्षं होती. १ जून २०१६ पासून ती सहा महिन्यांवर आणली. ज्या महिन्यात आदेश झाला, तो महिना संपल्यापासून सहा महिने. लोकांच्या डोक्यात अजून ती जुनी चार वर्षं बसलेली आहेत. ती काढून टाका.

अर्जाची सरकारी फी किती? ५० रुपये. लाखोंच्या मागणीचं प्रकरण पन्नास रुपयांच्या अर्जाने पुन्हा उघडू शकतं, अट एवढीच की तो वेळेत गेला पाहिजे. अर्ज मुदतीत दाखल झाला आणि ट्रिब्युनलने निकाल द्यायला वेळ लावला, तर त्याचा फटका तुम्हाला बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेही स्पष्ट केलं आहे.

मग आदेश हातातच उशिरा पडला तर? कायद्याचे शब्द ‘आदेश झाला त्या महिन्यापासून’ असे आहेत. विदर्भातल्या दर्यापूर शेतकरी सहकारी जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीच्या प्रकरणात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. ज्याला आदेशाची माहितीच नाही, त्याची मुदत त्याच्या नकळत संपली असं धरता येणार नाही, आदेश कळल्यापासून मोजलं पाहिजे, असा कौल न्यायालयाने दिला. आपल्या राज्यातला हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. पण त्याच्या भरवशावर झोपून राहू नका. आदेश तुम्हाला नेमका कधी कळला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. पाकीट, पोस्टाचा शिक्का, मेलची तारीख जपून ठेवा.

‘पुन्हा विचार करा’ याचा अर्थ नीट समजून घ्या

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. ट्रिब्युनलमध्ये वकील हजर होते, दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल विरोधात गेला. आपल्याला तो चुकीचा वाटतो. मग कोणीतरी सुचवतं, “दुरुस्ती अर्ज टाकू, सहा महिने आहेत.”

हा सल्ला महागात पडतो. दुरुस्ती अर्ज हा नोंदीवर उघड दिसणारी चूक सुधारण्यासाठी असतो. आकड्याची चूक, मांडलेला मुद्दा सुटून जाणं, गैरहजेरीतला निकाल, अशा गोष्टींसाठी. निकालच पटला नाही म्हणून सगळं प्रकरण पुन्हा ऐका, असं त्यात मागता येत नाही. रिलायन्स टेलिकॉम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे ठणकावून सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे मिळालं नाही, ते आपल्याला मिळेल या आशेवर राहू नये.

निकाल गुणदोषावर विरोधात गेला असेल तर वाट उच्च न्यायालयाची. कलम २६०अ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून १२० दिवस, आणि प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. हिशोब चुकला, पुरावा नीट बघितला नाही, एवढ्यावर तिथे साधारणपणे भागत नाही.

आता तारखांचा हिशोब करून बघा. समजा ट्रिब्युनलचा आदेश १० जुलैला झाला आणि १५ जुलैला तुमच्या हातात आला. दुरुस्ती अर्जाची मुदत ३१ जानेवारीपर्यंत. उच्च न्यायालयाचे १२० दिवस मात्र १२ नोव्हेंबरलाच संपतात. जो माणूस ‘अजून जानेवारीपर्यंत वेळ आहे’ म्हणून निवांत बसतो, त्याचा मोठा दरवाजा अडीच महिने आधीच लागलेला असतो. नंतर दुरुस्ती अर्जही फेटाळला गेला, तर हात रिकामे. म्हणून आदेश आला की वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, “आपण कुठला अर्ज करतोय, आणि दुसऱ्या वाटेची तारीख कधी संपते?” दोन्ही तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि सांगली जिल्हा त्यात येतो. तुमचं प्रकरण तिथे दाखल होईल की मुंबईत, हे वकिलांकडून पक्कं करून घ्या.

उशीर झालाच असेल तर

नमाजची वेळ निघून गेली तर कजा पढतात. पण कजा आहे म्हणून कोणी वेळ मुद्दाम चुकवत नाही. ‘विलंब माफी’ तशीच समजा.

आयुक्त (अपील), ट्रिब्युनल आणि उच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी अपिलाला झालेला उशीर पुरेशा कारणावर माफ होऊ शकतो. अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं की उशिराकडे कोरड्या काटेकोरपणाने बघू नये, न्याय मिळणं महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका करदात्याचा ट्रिब्युनलपुढच्या अपिलातला १६६ दिवसांचा उशीर याच भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने माफ केला.

पण याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात बजावलं आहे की मुदतीचा कायदा सहानुभूतीने गुंडाळून ठेवता येत नाही. निष्काळजी माणसाला माफी नाही. म्हणून कारण खरं हवं आणि त्याला कागद हवा. आजारपण असेल तर दवाखान्याची फाइल. मयत असेल तर दाखला. घरचा कर्ता सौदीला किंवा दुबईला असेल तर पासपोर्टची पानं. सल्लागाराने कळवलं नसेल तर त्याचं शपथपत्र मिळतं का ते बघा, नाहीतर तुमचं स्वतःचं शपथपत्र तारीखवार करा. ‘अशिक्षित आहे, माहिती नव्हती’ एवढं एक वाक्य लिहून चालत नाही. आणि खोटा वैद्यकीय दाखला तर अजिबात नको. तो पकडला गेला तर खरं प्रकरणही बुडतं, आणि अल्लाहकडचा हिशोब राहतोच.

मस्जिद, मदरसा आणि शिक्षण संस्थांचे ट्रस्टी, इकडे लक्ष द्या

ट्रस्टच्या बाबतीत धोका जास्त आहे, कारण सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही, अशी गत होते. आयकरात सूट मिळण्यासाठीची १२एबी नोंदणी आयुक्त (सूट) यांनी नाकारली, तर मधला टप्पाच नसतो. अपील थेट ट्रिब्युनलकडे करायचं, वर सांगितलेल्या दोन महिन्यांच्या मुदतीत. ‘जमातीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू’ म्हणेपर्यंत मुदत निघून जाते.

पोर्टलवर जुन्या ट्रस्टीचा मोबाइल आणि मेल तसाच असतो. ते राजीनामा देऊन गेले, कधी वारले, आणि नोटिसा तिकडेच जात राहिल्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका संस्थेच्या प्रकरणात म्हटलं आहे की नोटीस नुसती पोर्टलवर टाकून ठेवणं पुरेसं नाही. हा निकाल आधाराला घेता येतो. पण त्यापेक्षा सोपं काम म्हणजे मेल बदलून घेणं. ट्रस्टचा पैसा अमानत आहे. लोकांनी मस्जिदच्या पेटीत टाकलेले दहा-वीस रुपये आपल्या आळसापायी करात गेले, तर त्याचा जाब ट्रस्टींना द्यावा लागेल.

जीएसटीवाल्यांनो, तुमचा नियम जास्त कडक

जीएसटीत पहिलं अपील करायला आदेश कळल्यापासून तीन महिने असतात. कारण पटलं तर आणखी एक महिना. त्यानंतर अपील अधिकाऱ्याच्या हातातही माफी नसते. आयकरासारखी सहा-सहा महिन्यांच्या उशिराची माफी तिथे मागता येईल असं समजू नका. जीएसटी ट्रिब्युनलचं कामकाज सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, आणि १ एप्रिल २०२६ पूर्वी कळलेल्या आदेशांवरच्या अपिलांसाठी ३० जून २०२६ ही तारीख ठरवून दिली. ज्यांची प्रकरणं ट्रिब्युनल नाही म्हणून पडून होती, त्यांनी आपल्या आदेशाची तारीख तपासावी.

आता करायचं काय?

मोठं काही नाही. घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला बसवा आणि आयकर पोर्टल उघडा. मोबाइल आणि मेल आपला स्वतःचा आहे का बघा, नसेल तर आजच बदला. ‘प्रलंबित कार्यवाही’ आणि ‘थकीत मागणी’ हे दोन्ही भाग उघडून वाचा. अपील ट्रिब्युनलपुढे असेल तर त्याच्या वेबसाइटवर अपील क्रमांक टाकून पुढची तारीख बघा. पुण्याला जाणं जमत नसेल तर ऑनलाइन सुनावणीची विनंती करता येते, तीही जमत नसेल तर तारीख वाढवून मागणारा अर्ज तरी द्या. नुसतं गैरहजर राहू नका. आदेश आला तर त्याच दिवशी त्यावर ‘मिळाल्याची तारीख’ पेनने लिहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अपील किंवा अर्ज केला म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, नाहीतर प्रकरण चालू असतानाच बँक खातं गोठू शकतं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू होतो, आणि कलमांचे क्रमांक बदलतात. तुमचं प्रकरण कुठल्या वर्षाचं आहे आणि त्याला कुठला कायदा लागतो, हे वकिलांकडून विचारून घ्या. वर दिलेले क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद आपल्याला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. उधारीची वही आपण ठेवतो, बाजारचा हिशोब ठेवतो. त्याच वहीत एक पान या तारखांसाठी ठेवा. आदेश कधी झाला, हातात कधी आला, मुदत कधी संपते. या तीन ओळी वहीत असतील, तर वकिलाकडे पहिल्या दिवशीच नीट बोलता येईल आणि इन्शाअल्लाह आपली बाजू ऐकली जाईल.